सात पाण्यांची गोणी

आमच्या बेटावरच्या, साखर कारखान्याच्या लंबासात साखरेची जुनी गोणी नाही असं एक तरी घर दाखवा, मी मिशी उतरवून देतो. दारात पाय पुसायला गोणी, खोबरं भरायला गोणी, गळक्या पत्र्याखाली अंथरायला गोणी. पाहुण्याच्या हाती डालोचे चार कंद द्यायचे तर तेही गोणीतच. कारखान्यानं टाकलेली वस्तू टाकून द्यायची आमच्यात पद्धतच नाही. आणि या सगळ्या गोण्या आधी जिच्या हाताखालून जातात ती सुभागी.

सुभागी आता सहासष्ट वर्षांची आहे. नवरा बिसेसर जाऊन अकरा वर्षं झाली. मुलगा ब्रिस्बेनला ट्रक चालवतो, दर रविवारी फोन करून "अम्मा, ये इकडे" म्हणतो आणि ही "बघू" म्हणते. वाईदामू गावाच्या कडेला, नदीच्या अंगाला तिचं पत्र्याचं घर. सकाळी भाजी-रोटी झाली की साडी खोचून ती गुडघाभर पाण्यात उतरते. गोणी उलटी करायची, शिवण बोटांनी उकलून बघायची, काळ्या दगडावर आपटायची, खळबळायची. हे एक पाणी. अशी सात पाणी. मोठ्यानं मोजते, "एक... दोन... तीन..." पलीकडच्या काठावर कपडे धुणाऱ्या बायकांना तिचे आकडे पाठ झालेत.

"अगं, तीन पाण्यांत निघते की साखर!" रामकली तिकडून ओरडते. "गोणी धुतेस की पाप धुतेस?"

बायका हसतात. सुभागी हसत नाही. ती चौथं पाणी मोजते.

तिची आणखी एक खोड सगळ्यांना माहीत आहे. ती चहात साखर घालत नाही. साखरेच्या गावात राहून बिनसाखरेचा चहा! गावाला वाटतं तिला मधुमेह आहे. दवाखान्यातल्या नर्सनं दोनदा रक्त तपासलं, काही निघालं नाही. तरी आमची माणसं ऐकतात होय? "असणारच गं, दाखवत नाही," म्हणत अजूनही कारल्याचा रस आणून देतात. ती मुकाट्यानं पिते. कडू काहीतरी पोटात जातं याचं तिला बरंच वाटत असावं.

या जूनमध्ये, एका सोमवारी, मेरेओनी तिच्या दारात आली. मेरेओनी म्हणजे साकेआसी गवंड्याची नात. राजधानीत, सुवाला शिकली, तिथंच बांधकामाच्या प्रयोगशाळेत नोकरी करते. पोरगी गोड, पण बोलायला लागली की उसाची गाडी परवडली, ती निदान फाटकाशी थांबते.

"आजी, दहा गोण्या दे. स्वच्छ पाहिजेत. राख भरायचीय."

सुभागीच्या हातात चहाचा पेला होता. तो तिनं खाली ठेवला.

"कसली राख?"

"कारखान्याची गं. उसाचं चिपाड भट्टीत जळतं ना, त्याची. आम्ही ती बारीक दळतो, सिमेंट थोडं कमी करतो आणि त्याजागी ही घालतो. अगं, काय काँक्रीट होतं! समुद्राच्या खाऱ्या पाण्यातसुद्धा आतली सळई गंजत नाही. आणि गंमत म्हणजे आमच्या तुकाईला हे चाळीस वर्षांपूर्वी ठाऊक होतं. पुस्तक नाही, काही नाही. पण राखेचं नाव काढलं की म्हातारा काठी उगारतो. म्हणतो, विचार माझ्या पायाला."

तुकाई म्हणजे आजोबा. साकेआसीच्या डाव्या पायाचा पंजा अर्धाच आहे, हे वाईदामूत शेंबड्या पोरालाही माहीत आहे.

"आणि आता तर हद्द केली," मेरेओनी पायरीवर बसत म्हणाली. "ते खारफुटीतल्या धक्क्याचे खांब आणि पायऱ्या त्यानंच बांधलेत ना, राख घालून? मी काल हातोडी मारून बघितलं. इतकं चांगलं काँक्रीट मी अख्ख्या बेटावर पाहिलं नाही. आणि हा मुखियाकडे जाऊन हटून बसला. म्हणे, फोडून टाका. माझ्यामागे पोरांच्या अंगावर पडेल, मला मरताना ते ओझं नको. मुखियापण कंटाळला, हो म्हणाला. शनिवारी फोडणार आहेत."

"शनिवारी?"

"शनिवारी. घण गोळा करतायत. मग, देशील ना गोण्या?"

"देते," सुभागी म्हणाली. "धुवाव्या लागतील."

मेरेओनी गेली. सुभागी मात्र होती तिथंच बसून राहिली, चहावर साय धरली तरी.

बेचाळीस वर्षांपूर्वी असंच कोणीतरी याच दारात आलं होतं आणि राखेसाठी गोण्या मागितल्या होत्या. तो साकेआसी होता, छत्तीस वर्षांचा, दारात वाकून शिरावं लागेल एवढा उंच. तेव्हाचा साकेआसी काय सांगावा! हातात थापी असली की गाणं म्हणायचा आणि थापी नसली की राखेबद्दल बोलायचा. कारखान्याच्या मागे राखेचा ढीग असतो, तिथं एकदा चुन्याची पोती फुटली होती. पावसाळा गेल्यावर तो ढीग दगड झाला. शेकडो माणसं त्या ढिगाला ठेच लागून शिव्या देत गेली. साकेआसी मात्र तिथं उकिडवा बसला, नखानं टोकरत राहिला आणि घरी येऊन बायकोला, लितियाला म्हणाला, "कारखाना सोनं फेकतोय गं."

मग तो नादालाच लागला. पांढुरकी राख चांगली, काळी वाईट, कारण काळीत अर्धवट जळलेलं चिपाड राहतं. राख मच्छरदाणीच्या कापडातून चाळायची. सिमेंटची चार घमेली असतील तिथं तीनच घ्यायची आणि चौथं राखेचं. चिकटपणा बघायला चिमूट ओली करून दोन बोटांत चोळायची. वादळानंतर सिमेंटचं जहाज महिना महिना येत नसे, तेव्हा गावाला त्याचं मोल कळलं. देवळाच्या पायऱ्या त्यानं केल्या, धक्का केला. खाऱ्या पाण्यानं दुसरे खांब पाचेक वर्षांत खाल्ले, त्याचे तसेच राहिले.

राख आणायच्या गोण्या सुभागी पुरवायची. साकेआसीची एकच अट, तीन पाणी. "का रे भैया, राख काय चहात घालणारेस?" ती विचारायची. "कशात काय मिसळू नये ते मला कळत नाही म्हणून," तो म्हणायचा. "जे कळत नाही ते धुवून टाकावं." त्यालाही माहीत नव्हतं बघा. नुसती सवय होती, चांगल्या कारागिराला असते तशी.

त्या वर्षी वाईदामूत दवाखाना बांधायला घेतला होता. गावानं स्वतःच्या अंगमेहनतीनं. पुढे ओसरी आणि ओसरीवर स्लॅब, म्हणजे रोग्यांना पावसात उभं राहायला नको. स्लॅब भरायचा सोमवार ठरला आणि शनिवारी सकाळी साकेआसीनं पंधरा गोण्या मागितल्या. कारखान्याकडून नुकत्याच आलेल्या, ज्यूटच्या, शिवणीशिवणीत साखर घट्ट बसलेल्या.

आणि शनिवारी दुपारी शहरात नवा सिनेमा लागला होता.

बस, एवढंच. यापेक्षा मोठं कारण नाही. असतं तर सुभागीला बरं वाटलं असतं. पोर आजारी असतं, नवऱ्यानं मारलं असतं, तर तिनं ते कारण इतकी वर्षं छातीशी धरलं असतं. पण नाही. चोवीस वर्षांची होती, नवी निळी साडी होती, नणंद फाटकात उभी राहून हाका मारत होती, "वहिनी, बस सुटेल!" नऊ गोण्या धुऊन झाल्या होत्या. उरलेल्या सहा तिनं काठीनं बडवल्या, झटकल्या आणि धुतलेल्यांच्या खाली घातल्या.

"अगं, त्या राहिल्या ना?" नणंद म्हणाली.

"राखेच्याच तर आहेत," सुभागी हसत म्हणाली. "राखेला कोण गोड म्हणणारे!"

सिनेमात त्या दोघी पोट धरून हसल्या. येताना भाजलेले शेंगदाणे खाल्ले.

स्लॅब भरला. पहिल्या धुतलेल्या गोण्यांची राख अर्ध्याहून जास्त ओसरीला गेली, शेवटच्या सहा उजव्या कोपऱ्याला. नवव्या दिवशी बल्ल्या आणि फळ्या काढायच्या होत्या, कारण उद्घाटनाला सुवाहून साहेब यायचे होते. साकेआसीनं वर चढून नखानं दाबून बघितलं होतं म्हणतात. मग तो खाली आला, इतरांना लांब उभं केलं आणि स्वतः बल्ल्या काढायला लागला. डावीकडच्या निघाल्या. उजव्या कोपऱ्याची शेवटची बल्ली काढली आणि कोपरा खाली आला. साकेआसीनं अंग मागे घेतलं, पाय तेवढा राहिला.

पुढच्या आठवड्यात गावात एकच बोलणं. चुलीतली राख घालून कुठं घरं बांधतात? सिमेंट वाचवायला गेला, पाय घालवून बसला. कोणी तर म्हणालं, वाचलेलं सिमेंट गेलं कुठं ते विचारा. साकेआसीला! ज्यानं स्वतःच्या घराला अजून कुडाच्या भिंती ठेवल्या होत्या!

सुभागीला तेव्हाही काही ठाऊक नव्हतं. ती लितियाला आठ दिवस रोटी-भाजी पोचवत होती, तिच्या गळ्यात पडून रडली होती. कळलं ते नंतर. कारखान्यात गोण्या आणायला गेली तर तिथं नवी फरशी ओतत होते. एका मजुरानं पेल्यातला उरलेला चहा मालाच्या ढिगावर भिरकावला आणि मुकादम असा काही त्याच्या अंगावर धावला की विचारू नका.

"गाढवा! साखर आहे त्यात! सिमेंटला साखर लागली की ते आठवडाभर झोपून राहतं, माहीत नाही? मूठभर साखरेनं गाडीभर माल वाया जातो!"

मजूर म्हणाला, "चहा तर फिक्काच होता." सगळे हसले. सुभागीच्या काखेतल्या गोण्या खाली पडल्या. तिनं त्या उचलल्या, पुन्हा पडल्या. सहा गोण्या, सहा गोण्या, एवढंच तिच्या डोक्यात घुमत होतं.

संध्याकाळी जेवताना तिनं बिसेसरला सांगितलं. बिसेसरनं घास ताटात ठेवला.

"कोणाला बोललीस?"

"नाही. उद्या त्याचा सोरो आहे. तिथं सगळ्यांपुढे सांगते."

"वेडी झालीस? जमीन कोणाची कसतो आपण? त्यांची, इथल्या मूळ लोकांची. पट्टा कोण वाढवणार? तेच. त्यांच्या माणसाचा पाय तू तोडलास असं सांगणार आणि मग ऊस कुठं लावणार, माझ्या टाळक्यावर?"

"पण त्याचं नाव..."

"त्याला माफ करतीलच गं ते. त्यांचा आहे तो. आपल्याला कोण करेल?"

आमच्याकडे मोठी चूक झाली की तोंडानं "चुकलो" म्हणून भागत नाही. सोरो करावा लागतो. हातात तांबुआ, म्हणजे देवमाशाचा दात, धरून सगळ्या गावापुढे चटईवर बसायचं, मान खाली घालून चूक बोलायची आणि ज्यांचं नुकसान झालं त्यांनी पोकळ हातांनी तीन टाळ्या वाजवायची वाट बघायची. टाळ्या वाजल्या की विषय संपला, पुन्हा कोणी काढायचा नाही.

साकेआसीला पायाच्या बांधलेल्या गाठोड्यामुळे मांडी घालता येईना. वडीलधाऱ्यांसमोर पाय पसरणं म्हणजे केवढा उद्धटपणा! त्याची त्याला इतकी लाज वाटली की लितियानं तो पाय आपल्या झग्याच्या घोळाखाली झाकला. तो म्हणाला, "राख माझी, माप माझं आणि घमेंडही माझी. गावाचा दवाखाना मी पाडला. मला वाटलं मला जास्त कळतं." आणि रडला. एवढा थोरला माणूस, हुंदके देऊन.

सुभागी मागे, दाराशी, बायकांत बसली होती. तिच्या ओठांवर शब्द आले होते. आईशपथ आले होते. ती अर्धवट उठलीसुद्धा. मग समोरून तीन टाळ्या वाजल्या आणि ती खाली बसली. तिच्या चुकीची माफी दुसऱ्यानं मागितली, आणि मिळालीसुद्धा.

महिन्याभरानं स्लॅबचा उरलेला कोपरा फोडायला माणसं आली तर घण वर उडायला लागला. तोपर्यंत साखर सोसून तो दगड झाला होता. ते घामाघूम झाले, शिव्या दिल्या, फोडला. असं का, हे एकानंही विचारलं नाही. सुभागी कुंपणापाशी उभी राहून ते घाव ऐकत होती.

साकेआसीनं थापी पुन्हा हातात धरली नाही. नारळ सोलले, जाळी विणली, लितियाच्या भाजीच्या टोपल्या बाजारात बसून विकल्या. "दुसऱ्यांचं बांधकाम बघायलासुद्धा येत नाही हो," लितिया सुभागीजवळ म्हणायची. "मी म्हणते, नुसत्या सिमेंटचं तरी कर. तर म्हणतो, माझ्या हाताचा भरवसा माझाच नाही." सुभागी मान हलवायची आणि दुसऱ्या दिवशी गोण्यांना आणखी एक पाणी द्यायची. तीनाची चार झाली, चाराची पाच. लितिया गेली त्या वर्षी सात झाली.

आणि याच्यावर कडी म्हणजे वीस वर्षांनी पट्टा संपला. जमीन गावाकडे परत गेली, पट्ट्यानं कसणारी आमची बाकीची सहा घरं बिऱ्हाड आवरून शहरात गेली. सुभागीचंही आवरलं होतं. तर पंचायतीत साकेआसी काठी टेकत उभा राहिला. "सुभागीचं घर राहू द्या. ती गेली तर आपल्या गोण्या कोण धुणार, मुखिया?" सगळे हसले आणि घर राहिलं. ज्या भीतीनं तोंड शिवून घेतलं ती अशी त्यानंच उडवून लावली. बिसेसरनं त्या दिवशी यंगोना, म्हणजे इथलं मुळांचं पेय, पाजलं सगळ्यांना. सुभागी गोण्या उचलून नदीवर गेली.

तेव्हा तरी सांगायचं होतं बाई! मीच काय, कोणीही म्हणेल. पण जितकी वर्षं जातात तितकं तोंड जड होतं. आधी "का केलंस" एवढंच विचारतात, मग "इतके दिवस का नाही सांगितलंस" हेही विचारतात, आणि दुसऱ्याचं उत्तर पहिल्यापेक्षा लाजिरवाणं असतं.

गुरुवारी सकाळी सुभागी बाजारात गेली. तांबुआ तिच्याकडे कुठून असणार? त्याजागी तिनं यंगोनाच्या मुळांची जुडी घेतली, वर्तमानपत्रात गुंडाळली. घरून एक जुनी ज्यूटची गोणी घेतली, तेव्हाच्यातली, पत्र्याखाली ठेवलेली. आणि साकेआसीकडे गेली. तो फणसझाडाखाली नारळ खवत बसला होता.

"कोण मेलं?" जुडी बघून तो म्हणाला.

"कोणी नाही."

"मग या वयात लग्न ठरवलंस की काय? मला आधी सांगायचं, दाढी केली असती."

"भैया, थट्टा नको. ऐक."

ती खाली मातीतच बसली. जुडी समोर ठेवली, गोणी समोर ठेवली आणि सगळं सांगितलं. शनिवार, निळी साडी, सहा गोण्या, सिनेमा, मुकादम, बिसेसर, दाराजवळची जागा. एकही गोष्ट वळणानं नाही. सांगताना तिनं वर बघितलं नाही. खवणीचा आवाज मध्येच कधीतरी थांबला होता.

एक कोंबडी येऊन खोबरं टिपायला लागली, त्यानं हाकललं नाही.

"म्हणजे राख चांगली होती?" साकेआसीनं विचारलं.

"चांगली होती, भैया."

"माप?"

"मापही बरोबर होतं."

तो आपल्या हातांकडे बघत राहिला. उलटे केले, सुलटे केले. "लितिया म्हणायची, धर थापी," तो म्हणाला. "मरेपर्यंत म्हणत होती." सुभागीला वाटलं तो आता काठी उचलेल. उचलावी असंच तिला वाटत होतं.

पण तो भलतंच बोलायला लागला. "तो कोपरा नखाला मऊ लागला होता. मी स्वतः दाबून बघितला. मला वाटलं पावसाचं पाणी मुरलंय. साहेब येणार म्हणून घाई केली. अजून पंधरा दिवस थांबलो असतो तर तो दगड झाला असता. म्हणजे, बघ ना, चूक शेवटी माझीच..."

"नाही!" सुभागी अशी ओरडली की कोंबडी फडफडत पळाली. "परत नको! परत माझं घेऊ नकोस! एकदा माझी माफी तू मागितलीस. अख्ख्या गावापुढे रडलास तू, मी दारात बसून बघितलं. आता तरी माझं मला दे. बेचाळीस वर्षं मला साधं चुकलेसुद्धा म्हणता आलं नाही, कारण ते तू म्हणून बसला होतास!"

साकेआसीचा चेहरा हळूहळू कठीण झाला. त्यानं काठीच्या टोकानं यंगोनाची जुडी तिच्याकडे सरकवली.

"उचल हे. मी झाडाखाली नव्हतो बसलो. गावापुढे बसलो होतो."

"तिथं माझ्या बाजूनं बोलणारं कोण आहे?"

"ते तुझं तू बघ," तो म्हणाला आणि पुन्हा नारळ खवायला लागला.

शनिवारी सभागृहाच्या भिंतीला सात-आठ घण टेकवून ठेवले होते. चहापाणी करून माणसं धक्क्याकडे निघणारच होती. मुखिया तानिएला उन्हात उभा राहून कोण किती वाजता कुठं ते सांगत होता. मेरेओनी फुरंगटून एका बाजूला बसली होती. तेवढ्यात सुभागी आली ती बायकांच्या दाराशी थांबली नाही. सरळ आत गेली, पुढच्या चटईवर जाऊन बसली आणि जुडी व गोणी पुढ्यात ठेवली.

"ही इथं कुठं?" मागे कोणीतरी कुजबुजलं. "गोण्या विकायला आली वाटतं."

माणसं आत येऊन बसली. बसावंच लागतं, पुढ्यात यंगोना ठेवलेला माणूस बोलल्याशिवाय कोणी उठत नाही. सोरो करणाऱ्याच्या वतीनं त्याच्या कुळातला कोणीतरी बोलतो. हिच्या वतीनं कोण बोलणार? तिच्या शेजारी चटई रिकामी होती. ती स्वतःच बोलली, त्यांच्या भाषेत, तिला येते तशी मोडकीतोडकी. सिनेमाच्या जागी एक पोरगा फिस्सकन हसला, त्याला आईनं चापट मारली. पुढे कोणी हसलं नाही.

"साकेआसीनं माझं पाप तुमच्यापुढे स्वतःचं म्हणून सांगितलं," ती शेवटी म्हणाली. "मी त्या दारात बसून ऐकलं. त्याची राख चांगली आहे. त्याचा धक्का चांगला आहे. घण मारायचाच तर माझ्या घरावर मारा, ते त्याच्याच शब्दावर उभं आहे."

तानिएलानं साकेआसीकडे बघितलं. साकेआसी जमिनीकडे बघत होता. तानिएलाचा जीव कातर झाला असणार, पण रीत ती रीत. त्यानं हात पोकळ केले. एक टाळी. मग सगळ्यांनी, दुसरी. तिसरी. सभागृहाच्या पत्र्यावर आवाज घुमला.

सुभागीनं मान वर केली. एकाच माणसाचे हात तिला बघायचे होते. साकेआसीचे दोन्ही हात काठीवर होते. त्यानं टाळी वाजवली नव्हती.

तिला ते बरोबरच वाटलं. छातीत तुटलं, तरी बरोबर वाटलं.

मग साकेआसी उठला. आपला अर्धा पाय ओढत चटईपर्यंत आला, मोठ्या कष्टानं खाली वाकला आणि गोणी उचलली. उलटी केली. आतली शिवण दोन्ही अंगठ्यांनी उकलली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, बारकाईनं, जुन्या काळी राख बघायचा तशी. करंगळी शिवणीत फिरवून जिभेला लावली.

"किती पाणी?" त्यानं विचारलं.

"सात."

त्यानं गोणी झटकली, घडी घातली आणि नातीच्या अंगावर टाकली.

"हिच्यात भर राख," तो म्हणाला. "पांढरी घे. काळीला हात लावू नकोस. आणि चाळताना मला बोलव, तुम्हा शिकलेल्यांना चाळता येत नाही." मग दाराकडे बघून खेकसला, "घण परत नेऊन ठेवा, कोणाचे आहेत त्यांचे."

मेरेओनी रडत की हसत उठली. गोणी छातीशी धरून निघाली तर सुभागीनं तिचा हात धरला.

"आण इकडे."

"अगं आजी, आता कशाला? त्यानं बघितली ना!"

"आण म्हणते ना. राख उद्या भर."

गोणी काखेत मारून ती सभागृहातून बाहेर पडली, साडी खोचत नदीच्या पायवाटेला लागली. थोड्या वेळानं पाण्यावरून दगडावर आपटल्याचा आवाज आला आणि मागोमाग तिचा मोठ्यानं मोजणारा आवाज, "आठ..."